साडेतीन हात आणि वर सात सेंटिमीटर

माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे रंकाळ्याला पळायला जातो, संध्याकाळी तालमीत जातो, आणि मधल्या वेळात मोबाइलवर काय काय बघत बसतो. परवा चहा पिताना म्हणाला, "मामा, पाय लांब करून मिळतात म्हणं आता."

"कुणी सांगितलं?"

"व्हिडिओ हाय की. हाड कापत्यात, मग हळूहळू ओढत्यात. सहा-सात सेंटिमीटर वाढतंय म्हणं."

महाराष्ट्र पोलीस शिपाई व्हायला पुरुषांची उंची १६५ सेंटिमीटर लागते, बाईची १५५. याची भरते १६३. दोन सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढं अंतर. तेवढ्यासाठी पोरगं दोन्ही पायांची हाडं कापून घ्यायच्या गोष्टी करतंय म्हटल्यावर मला चहा गोड लागेना. पण "गप बस, येड्यासारखं बोलू नको" म्हणून पोरं गप्प बसत नाहीत, ती आणखी दहा व्हिडिओ बघतात. म्हणून त्याला बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहितोय. माहिती खरी आहे, अशी शस्त्रक्रिया खरंच होते. तिथूनच सुरुवात केली.

आधी उंची म्हणजे काय, ते. आपण ती एक आकडा म्हणून सांगतो, पण त्यात चार-पाच तुकडे असतात: डोकं आणि मान, धड, मांडी, नडगी, आणि थोडी टाच. भिंतीला पाठ लावून स्टुलावर ताठ बसा आणि स्टुलापासून डोक्यापर्यंत मोजा. ही बैठी उंची. मोठ्या माणसात ती एकूण उंचीच्या साधारण ५२ टक्के भरते. उरलेली पायांची. भाच्याची बैठी उंची निघाली ८५, म्हणजे पाय ७८. अगदी नेमस्त माणूस.

हे प्रमाण जन्मापासून असंच नसतं. नुकतं जन्मलेलं बाळ पाहा, त्याचं डोकं अंगाच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं. मोठ्या माणसात तेच सात-साडेसातावा हिस्सा होतं. बाळाचे पाय आखूड, धड लांब. पुढे पाय धडापेक्षा वेगाने वाढतात आणि सात ते दहा वर्षांच्या दरम्यान वरचा भाग आणि खालचा भाग जवळजवळ सारखे होतात. वयात येताना गंमत वेगळीच. तेव्हा वाढ टोकाकडून सुरू होते: आधी पाऊल, मग तंगड्या, सगळ्यात शेवटी धड. म्हणून तर घरात आधी चप्पल आखूड होते, मग विजार घोट्याच्या वर जाते, आणि शर्ट मात्र आणखी वर्षभर चालतो. टेलर मास्तरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. वाढत्या पोराच्या पँटला ते आपणहून खाली जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, शर्टाला ठेवत नाहीत.

हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात. लांबी तिथेच वाढते. मुलींमध्ये साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ या वयात, कधी थोडं पुढेही, हा थर हाडात बदलून जातो. एकदा तो बुजला की संपलं. मग सिंगल बारला लोंबकळा, पावडरी खा, नाहीतर दूध प्या, हाड लांबत नाही. (दूध प्यावं, त्याला माझी ना नाही.) भाचा २१ वर्षांचा. त्याचं दुकान बंद झालंय.

आता आपल्याकडचा जुना हिशोब. "साडेतीन हातांचा देह" असं आपण म्हणतो. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. एका हातात २४ अंगुळं. साडेतीन गुणिले चोवीस किती? ८४. चरकसंहितेत शरीराची मापं दिली आहेत, तिथे माणसाची उंची नेमकी ८४ अंगुळंच सांगितली आहे, आणि पुढे म्हटलंय की उंची आणि दोन्ही हात पसरल्यावरची रुंदी सारखी असावी. महत्त्वाचं म्हणजे ही अंगुळं ज्याची त्याने आपल्या बोटांनी मोजायची. बाजारातली पट्टी नाही. ठेंगणा असो वा धिप्पाड, स्वतःच्या हाताने तो साडेतीनच भरायचा. मोजलेली गोष्ट उंची नव्हतीच, प्रमाण होतं.

वराहमिहिराने मात्र बृहत्संहितेत श्रेणी लावून टाकली: १०८ अंगुळांचा उत्तम, ९६ चा मध्यम, ८४ चा कमी. चरकाचा समतोल माणूस याच्याकडे तळाला गेला. उंचीचा हव्यास इन्स्टाग्रामने आणलेला नाही एवढं त्यावरून समजतं. मूर्तिकारांनी हाच हिशोब 'ताल' या मापात धरला. एक ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, बारा अंगुळं. नऊ तालांची मूर्ती म्हणजे १०८. शिल्पशास्त्रात देवाला किती ताल, बाळाला किती, बुटक्या गणाला किती, हे ठरलेलं आहे. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात गेलात तर मूर्ती लहान की मोठी यापेक्षा चेहरा आणि अंग यांचं नातं बघा. वीतभर उंचीची मूर्तीसुद्धा उंच माणसासारखी दिसते ती त्या नात्यामुळे.

भाच्याचा हात मोजला: ४५ सेंटिमीटर. साडेतीन हात म्हणजे १५७.५, आणि पोरगं त्याच्याही वर तीनेक बोटं. म्हणजे चरकाच्या पट्टीने पोरगं पास.

आता हाड कसं वाढवतात. हाड ओढून लांब करायचा विचार शंभर वर्षांहून जुना. इटलीत बोलोन्याला कोडिव्हिला नावाच्या शल्यविशारदाने १९०५ मध्ये त्याबद्दल लिहिलं. तो हाड कापायचा आणि जोर लावून ओढायचा. जोर लावला की काय होतं ते सांगायला नको: नसा दुखावतात, कातडी सडते, हाड जुळत नाही. ही विद्या खऱ्या अर्थाने बसवली ती गाव्रील इलिझारोव्ह यांनी. जन्म १९२१, मृत्यू १९९२. दुसरं महायुद्ध संपल्यावर सायबेरियात कुर्गानच्या मुलखात हे डॉक्टर, आणि समोर तुटक्या हातापायांचे, न जुळलेल्या हाडांचे रुग्ण. हाताशी साधनं नाहीत. त्यांनी हाडाभोवती लोखंडी कडी बसवली आणि कडीतून हाडात आरपार बारीक तारा ताणून घातल्या. सायकलच्या चाकाची रिंग आणि स्पोक डोळ्यांपुढे आणा. एकेक स्पोक हाताने वाकेल, पण सगळे ताणले की त्यावर दोन पोती साखर लादून माणूस गुळाच्या बाजारापर्यंत जातो. तीच युक्ती. कड्यांना जोडणारे आट्यांचे दांडे, त्यांवर नट.

हे यंत्र मुळात तुटलेली हाडं एकमेकांवर दाबून जुळवायला होतं. सांगतात असं की एका रुग्णाने नट उलटे फिरवले. हाडं जवळ यायच्या ऐवजी लांब जात राहिली, आणि एक्स-रे काढला तर मधल्या फटीत नवं हाड! गोष्ट तंतोतंत अशीच घडली की सांगता सांगता गोल झाली ते सोडा, शोध मात्र खरा ठरला. ताज्या मोडलेल्या हाडाची दोन टोकं अगदी हळू लांब नेली तर शरीर मधली जागा स्वतः भरून काढतं. डॉक्टर हाड 'घालत' नाही. तो फक्त फट ठेवतो आणि ती योग्य वेगाने रुंद करतो.

तो वेग म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. तोही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर करून दिवसातून चार वेळा. हाड कापल्यावर पाच-सात दिवस काहीच करत नाहीत, कारण आधी तिथे रक्ताची गाठ बसून दुरुस्ती सुरू व्हावी लागते. मग रोज एक मिलिमीटर. घाई केली तर फटीत हाडाऐवजी नुसता चोथा तयार होतो. रेंगाळलं तर हाड वेळेआधीच जुळून बसतं आणि परत कापावं लागतं. चुलीवर भाकरी भाजणाऱ्या बाईला ही गोष्ट लगेच समजेल: आच जास्त झाली तर करपते, कमी झाली तर वाळते, फुगत नाही.

फट भरली तरी ते हाड सुरुवातीला लोण्यासारखं मऊ असतं. ते घट्ट व्हायला ओढण्याच्या काळापेक्षा जास्त काळ लागतो. कड्यांच्या पद्धतीत ढोबळ हिशोब असा की दर एका सेंटिमीटरला महिना-सव्वा महिना यंत्र पायावर राहतं. पाच सेंटिमीटर वाढवायचे तर ओढायला पन्नास दिवस, पण पायात लोखंड पाच-सहा महिने. त्या काळात प्रत्येक तारेच्या भोकाशी रोज साफसफाई, नाहीतर पू.

ही विद्या सोव्हिएत देशाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. देशात मात्र व्हॅलेरी ब्रूमेलमुळे नाव झालं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्ण मिळवलेला हा माणूस, पुढच्याच वर्षी मोटरसायकलच्या अपघातात पायाचा चुरा करून बसला. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, जुळेना. शेवटी इलिझारोव्हांनी पाय जुळवला आणि ब्रूमेल पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारू लागला. मग १९८० मध्ये कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक आपला जुना, न जुळणारा पाय घेऊन कुर्गानला गेला आणि बरा होऊन परतला. इटलीतल्या डॉक्टरांनी डोळे विस्फारले, १९८१ मध्ये इलिझारोव्हांना बोलावून घेतलं, आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली.

लक्षात घ्या, यातलं कुणीही उंच व्हायला गेलं नव्हतं. पाय जागेवर आणायला गेले होते. आजही या पद्धतीचं खरं मोल तिथेच आहे: जन्मतः एक पाय आखूड, लहानपणी पोलिओ, अपघातात हाडाचा तुकडाच गेलेला, हाडात वर्षानुवर्षं पू. दोन सेंटिमीटरच्या आतला फरक असेल तर कापाकापी लागत नाही. कोल्हापुरी चप्पल करणाऱ्याला सांगून एका टाचेत कातड्याचे दोन-तीन थर वाढवून घ्यावेत, लंगडणं बरंच कमी होतं. पण पाच-सहा सेंटिमीटरचा फरक असला की कंबर, पाठ सगळंच वाकडं चालतं. तिथे ही शस्त्रक्रिया माणसाला त्याचं प्रमाण परत देते. उंचीसाठी करायची ती नेमकी उलटी: प्रमाणात असलेला माणूस प्रमाणाबाहेर न्यायचा.

आता कडीऐवजी हाडाच्या पोकळीत बसणारी सळी आली आहे. सळीच्या आत लोहचुंबक असतो. बाहेरून मांडीवर एक यंत्र धरायचं, त्यातले चुंबक फिरले की आतला फिरतो, आटे सरकतात, सळी लांबते. अमेरिकेत अशा एका सळीला २०११ मध्ये मान्यता मिळाली. भोकं नाहीत, पू नाही, व्हिडिओत दिसायला सोपं. पण बहुतेक सळ्यांवर हाड घट्ट होईपर्यंत पूर्ण वजन देता येत नाही. पूर्ण वजन पेलेल अशी पोलादी सळीही आली होती. तिच्या सांध्यापाशी गंज आणि आजूबाजूच्या हाडात बदल दिसू लागले, आणि कंपनीने २०२१ मध्ये ती बाजारातून परत घेतली. सळी कुठलीही असो, हाड भरलं की पुढे ती काढायला सहसा आणखी एकदा टेबलावर जावं लागतं.

इथपर्यंत ऐकून भाचा म्हणाला, "म्हंजे हुतंय की, मामा."

होतंय. हाडाचं होतंय. हाड या सगळ्यात सर्वांत गुणी कामगार आहे. सांगितलं तेवढं वाढतं. भांडण लावतो तो स्नायू. मांडीचं हाड सात सेंटिमीटर वाढलं तर त्यावरून जाणारा प्रत्येक स्नायू, प्रत्येक नस, रक्तवाहिनी आणि कातडी तेवढ्याच ताणली जातात, आणि त्यांनी कुणी वाढायचं कबूल केलेलं नसतं. नडगी वाढवली की पोटरी टाच वर खेचते, माणूस चवड्यावर चालायला लागतो. मांडी वाढवली की गुडघा वाकेनासा होतो. म्हणून ओढण्याच्या त्या महिन्यांत रोज तासन् तास व्यायाम करून घेतात, आणि तो दुखतो. ज्यांनी तो टाळला त्यांचे सांधे आखडून बसतात, मग कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, कापून सोडवायला पुन्हा शस्त्रक्रिया. नडगीच्या बाहेरच्या बाजूची नस ताणली तर पाऊल उचलेनासं होतं. रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. दोन्ही मांड्यांची पोकळी एकाच वेळी कोरली तर मज्जेतली चरबी रक्तात जाऊन श्वासाचा प्रसंग ओढवू शकतो, आणि तो जिवावर बेततो. आणि तंबाखू. निकोटिनने हाड जुळायला उशीर होतो. आमच्याकडे गाल भरून मावा ठेवणारी पोरं पाय लांबवायच्या गोष्टी करतात तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. (भाच्याने इथे खिडकीतून बाहेर बघितलं.)

मग कागद घेतला आणि त्याच्याच आकड्यांवर हिशोब मांडला.

मांडीत सात सेंटिमीटर वाढवले तर उंची १७०. बैठी उंची तीच, ८५. म्हणजे ५२ टक्क्यांचे ५० झाले. कपडे घातल्यावर कुणाच्या लक्षातही येणार नाही. लांब पायांची माणसं जगात असतातच. हाताच्या मापाने साडेतीनाचे पावणेचार झाले. हात मात्र पूर्वीच्याच जागी राहिले नाहीत: धड वर गेलं, मांडी लांबली, त्यामुळे बोटं मांडीवर जिथे टेकायची त्याच्या वर टेकतात. इथवर ठीक. आता लोक जे दोनदा करून घेतात, मांडीतही सात आणि नडगीतही सात, ते बघू. उंची १७७, बैठी तीच ८५, म्हणजे ४८ टक्के. हात पसरले तर उंचीपेक्षा चौदा सेंटिमीटर कमी. जवळजवळ चार हातांचा माणूस. हे मात्र दिसतं. शर्ट एका माणसाचा आणि पँट दुसऱ्याची.

आणखी एक प्रमाण आहे, ते कुणी बघत नाही, पण तालमीत जाणाऱ्याला ते आधी कळावं. नडगीचं हाड मांडीच्या हाडाच्या साधारण ८० टक्के असतं. भाच्याच्या उंचीला मांडीचं हाड अंदाजे साडेत्रेचाळीस, नडगीचं पस्तीस. मांडीत सात घातले की मांडी साडेपन्नास, नडगी पस्तीस: प्रमाण ७० च्या खाली. आता बैठक मारून बघ म्हटलं. मांडी लांब असली की खाली बसताना ढुंगण मागे फार जातं, तोल राखायला छाती पुढे झुकवावी लागते. पाठीवर ताण येतो. उलट नडगी लांबवली तर खाली बसताना घोटा नीट वाकायला हवा, आणि पोटरी आधीच ताणलेली. उकिडवं बसणं, मांडी घालून जेवायला बसणं, जोर-बैठका, हे सगळं या प्रमाणावर उभं आहे. युरोपातल्या माणसाला खुर्चीवर बसायचं असतं, त्याचं थोडं चालून जाईल. आपल्याला पंगतीला बसायचंय.

कुस्तीत तर ठेंगणेपणा हा दोषच नाही. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले, १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं. बँटमवेट म्हणजे ५७ किलो. त्या अंगाला सहा फूट उंची कुठून परवडणार? खासबागेत गर्दीच्या मागच्या रांगेतून बघताना उंची उपयोगी पडते, आखाड्यात बुंधा खाली असलेला बरा.

राहिली भरती. पुरुषांना १६०० मीटर पळायचं, १०० मीटर पळायचं, गोळा फेकायचा. गुण त्याचे मिळतात. उंचीचे मिळत नाहीत, ती नुसती दारातली चौकट आहे. त्या चौकटीत बसण्यासाठी ज्या पायांनी पळायचं तेच पाय महिनोन् महिने कुबड्यांवर ठेवायचे, खर्च लाखांत, आणि वैद्यकीय तपासणीत वण आणि सळ्या कुणाला दिसणार नाहीत असं समजायचं. शिवाय भारतातल्या पुरुषाची सरासरी उंचीच १६५ च्या आसपास आहे, म्हणजे १६३ चा माणूस बुटका नाहीच. तो फक्त एका रेघेच्या खाली आहे.

एक गोष्ट मात्र त्याला फुकट सांगितली. उंची दिवसभर सारखी राहत नाही. मणक्यांमधल्या गाद्या रात्री पाणी धरून फुगतात आणि दिवसा वजनाने दबतात. सकाळी उठल्या उठल्या माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो, आणि त्यातला बराचसा फरक उठल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांतच निघून जातो. "तू कधी मोजलीस?"

"तालमीतनं आल्यावर. बैठका मारून."

दुसऱ्या दिवशी सहालाच दार वाजलं. अंथरुणातून उठून तसाच स्कूटरवर उभ्याने आला होता की काय देव जाणे. भिंतीला टाच, पाठ, डोकं लावलं, नजर समोर, डोक्यावर पाटी काटकोनात धरली, पेन्सिलने रेघ मारली. टेप लावली: १६४.२.

बराच वेळ रेघेकडे बघत राहिला. "आठ मिलिमीटर कमी."

"कुर्गानच्या हिशोबाने आठ दिवसांचं काम," मी म्हटलं.

"आन् त्येच्या म्होरं?"

"त्येच्या म्होरं वर्ष."

चप्पल घालून तो रंकाळ्याकडे पळायला गेला. रेघ अजून भिंतीवर आहे, बायको पुसू देत नाही. म्हणते, मोठ्या मुलाच्या रेघांशेजारी असू दे.